प्रत्येकीचा एक घास

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये संध्याकाळचे वर्ग सुरू झाले, तेव्हा फुलांच्या वर्गाला बसायला जागा उरली नाही, बागकामाला बऱ्यापैकी गर्दी झाली आणि प्राण्यांच्या वर्गाला आम्ही मोजक्याच जणी उरलो. त्यातही निम्म्या जणींना वाटलं होतं की मांजराला शाम्पू कसा लावायचा ते शिकवतील. भिमाजी सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर गाईच्या पोटाचे चार कप्पे काढले, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. फर्स्ट शिफ्ट करून मोशीला परत येते आणि सोफ्यावर आडवी होऊन मोबाइल बघत बसते. त्याला कंटाळून माझी आई, जाईबाई, म्हणाली की असं लोळत राहण्यापेक्षा खाली जाऊन काहीतरी शीक. फुलं मला जमत नाहीत. कुंडीतली तुळससुद्धा माझ्या हातून वाळते. राहिली जनावरं, म्हणून मी त्या वर्गात गेले. आवड वगैरे नंतर लागली.

भिमाजी सर सरकारी पशुदवाखान्यातून निवृत्त झालेले. मूळचे जालन्याकडचे, आता कासारवाडीला मुलाकडे राहतात. बोलतात कमी, पण जे बोलतात ते डोक्यात बसतं. गाईचं पोट म्हणजे आंबवण्याचं भांडं आहे, असं ते सांगायचे. आत सतत काहीतरी आंबत असतं, म्हणूनच तिला गवत पचतं. पण पीठ, गूळ, भात, भाकरी असलं पटकन आंबणारं जास्त गेलं, की इडलीचं पीठ भांड्यातून उतू जातं तसं तिच्या पोटात होतं. मग रवंथ थांबतो, पोट आंबतं आणि ते विष अंगभर भिनतं. तेव्हा आमच्याच वर्गातल्या तनुजाताईंनी विचारलं होतं की मग सणासुदीला नैवेद्य द्यायचाच नाही का. सर हसले. म्हणाले, थोडं चालतं.

हे 'थोडं चालतं' सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पोट आंबतं ते कुणाच्या राहिलं नाही.

वर्गाला हात लावून बघायला खरं जनावर हवं होतं, आणि ते आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागूनच होतं. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती मंजुळाबाईंच्या घरची. जमीन गेली, पण भिंतीपलीकडे त्यांचं घर राहिलं आणि घरामागे पत्र्याचा गोठा. गोठ्यात पवळी नावाची तांबूस गाय आणि नुकतीच झालेली कालवड. आमच्या बाल्कनीतून तो पत्रा दिसायचा. शेणाचा वास येतो म्हणून सोसायटीने मागे तक्रार केली होती आणि भिंतीतलं छोटं फाटक कुलूप लावून बंद करून टाकलं होतं. तक्रारीत पुढाकार तनुजाताईंचाच होता. वर्गासाठी ते कुलूप उघडलं, तेही तनुजाताईंनीच.

तनुजाताई वाईट बाई नाही, हे मी आजही म्हणते. त्यांचं माहेर पुनावळ्याचं, तिथेही आता शेताच्या जागी इमारती. गोठ्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा त्या कितीतरी वेळ पवळीच्या मानेवरून हात फिरवत उभ्या राहिल्या, आणि डोळे पुसून म्हणाल्या की लहानपणीचा वास आला. त्याच वासाची तक्रार केली होती याची आठवण करून द्यायची मला फार इच्छा झाली होती. त्यांची मुलगी पावसाळ्यात डेंगीने आयसीयूत होती. वाचली. तेव्हापासून बाई देवादिकांच्या बाबतीत फार हळवी झाली होती.

मंजुळाबाईंचं तर काय सांगावं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सयाजी दिवसभर बाहेर, सुनेची नोकरी हिंजवडीला. गावातल्या जुन्या सोबतिणी एकेक करून गेल्या नाहीतर मुलांकडे निघून गेल्या. त्या बाईशी बोलायला पवळीशिवाय कुणी नव्हतं. आणि अचानक आठवड्यातून दोनदा बायकांचा घोळका फाटकातून आत येऊ लागला. कुणी कास धुवायला शिकतंय, कुणी खूर बघतंय, कुणी नुसतंच सेल्फी काढतंय. मंजुळाबाई सगळ्यांना चहा करायच्या. नको म्हटलं तरी करायच्या. पहिल्या आठवड्यात विटकं लुगडं नेसून बसलेली बाई पुढे पुढे वर्गाच्या दिवशी केस विंचरून, कुंकवाच्या जागी हिरवा गोंदणठिपका चमकवत दारात वाट बघत उभी असायची.

माझ्यावर त्यांचा जीव होता. पवळी माझ्या हातात शांत राहते म्हणून दावं नेहमी माझ्याच हातात द्यायच्या. एकदा बाकीच्या गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि मनातलं सांगितलं. दिवाळी झाली की सयाजी पवळीला मावळात मामाकडे पाठवणार होता. गोठा पाडून तिथे गाड्या लावायला जागा करायची होती. सयाजीचंही अगदीच चुकत होतं असं नाही. आईला आता वाकता येत नाही, धार काढताना एकदा पडली होती. पण मंजुळाबाई म्हणाल्या, "ती गेली तर मी या घरात कुनाशी बोलू? भिंतीशी?"

मी म्हटलं, मी सयाजीदादांशी बोलते. त्या म्हणाल्या की बोलून उपयोग नाही, पवळीची किंमत त्याला दिसली पाहिजे.

वसुबारसेची कल्पना तिथूनच निघाली की तनुजाताईंच्या डोक्यातून, हे आता आठवत नाही. दोघींनाही ती हवी होती. वर्गाचा शेवटचा कार्यक्रम म्हणून तिन्ही वर्गांनी मिळून गाय-वासराची पूजा करायची. फुलांच्या वर्गाने झेंडूच्या माळा आणि कमान करायची, बागकामाने अंगण सारवून तुळस आणि केळीचे खुंट लावायचे, आणि आम्ही पवळीला न्हाऊमाखू घालून उभी करायची. मुलाबाळांसाठी हा उपास करतात. दिवसभर काही खायचं नाही, संध्याकाळी गाईला नैवेद्य द्यायचा, आणि तिने घास घेतला की मगच बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाऊन उपास सोडायचा. आमच्या घरी हे नाही. आम्ही बौद्ध, आईने असला उपास कधी केला नाही. मला त्यात काही वाटायचंही कारण नव्हतं. मी दावं धरायला जाणार होते.

सर दिवाळीला गावी निघाले त्याआधी तनुजाताईंनी त्यांच्याकडून परवानगी घेतली. नियम केला की प्रत्येकीने फक्त एकच घास द्यायचा, त्याहून जास्त नाही. सरांनी विचारलं, किती जणी. वर्गातल्याच, असं ताई म्हणाल्या. सर म्हणाले, मग हरकत नाही.

तेव्हा खरोखरच तेवढ्याच जणी होत्या.

मग तनुजाताईंनी मोबाइलवर एक छान चित्र तयार केलं. झेंडूची चौकट, मध्ये पवळी आणि कालवडीचा फोटो, खाली 'खऱ्या गाईचं पूजन, आपल्याच अंगणात' आणि 'नियम: प्रत्येकीचा एकच घास'. ते आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेलं, तिथून शेजारच्या टॉवरच्या ग्रुपवर, तिथून पुढे. या भागात उपास करणाऱ्या बायका खूप, आणि गाय कुठे आहे. दरवर्षी बिचाऱ्या पाटावर तांदळाची गाय काढून भागवायच्या. इथे चालत जाण्याच्या अंतरावर जिवंत गाय, तीही वासरासकट.

त्या संध्याकाळी मी शिफ्टवरून तशीच गोठ्यात गेले. अंगण ओळखू येत नव्हतं. शेणाने सारवलेलं, रांगोळी घातलेलं, पणत्या लावलेलं. पवळीच्या शिंगांना गेरू, गळ्यात माळ, अंगावर खण. कालवडीच्या कपाळाला कुंकू. मंजुळाबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या आणि लग्नघरात करतात तसं सगळ्यांना या-बसा करत होत्या. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. सयाजीसुद्धा लवकर आला होता आणि पाण्याचे जार आणून ठेवत होता. मंजुळाबाईंनी मला कोपराने ढोसलं आणि डोळ्यांनीच त्याच्याकडे दाखवलं. बघ, म्हणजे.

पहिल्या आमच्या वर्गातल्या बायका झाल्या. पाय धुतले, ओवाळलं, भाकरीचा तुकडा, त्यावर गुळाचा खडा. पवळीने खरखरीत जिभेने तो ओढून घेतला की बाईचा चेहरा उजळायचा. मलाही बरं वाटलं. मग फुलांचा वर्ग. मग बागकामाचा. मग आमच्या बिल्डिंगमधल्या, मग मागच्या बिल्डिंगमधल्या. मी फाटकाकडे पाहिलं तेव्हा रांग पार्किंग ओलांडून रस्त्यापर्यंत गेलेली दिसली. नटलेल्या, हातात झाकलेली ताटं धरलेल्या बायका, आणि अजून रिक्षातून उतरतच होत्या.

कुणीही नियम मोडला नाही, हे सांगायलाच हवं. प्रत्येकीने एकच घास दिला. फक्त घास जिचा तिचा. कुणाची बाजरीची भाकरी, कुणाचे उडदाचे वडे, कुणाचा भिजवलेल्या डाळीचा आणि गुळाचा गोळा. ज्यांच्याकडे ही रीत नव्हती त्यांनी लाडू आणले, शिरा आणला, एकीने तर केक आणला होता, त्याला बिनअंड्याचा म्हणून दोनदा सांगितलं. आणि वर्षातून एकदाच मिळणारा घास कुणी चिमणीएवढा देत नाही.

अंधार पडत आला तशी पवळी बदलली. शेपटी हलेनाशी झाली. तोंड मिटून तिने मान माझ्याकडे वळवली आणि माझ्या खांद्यावर कपाळ टेकवलं. तिच्या डाव्या कुशीवर मी तळवा ठेवला. सरांनी शिकवलं होतं की तिथे हात ठेवला की आत काहीतरी लाटेसारखं सरकताना कळतं. काही सरकत नव्हतं. कूस घट्ट झाली होती, चांगल्या भरलेल्या उशीसारखी.

मला भीती वाटली. मी तनुजाताईंना बाजूला बोलावून म्हटलं, आता बास, गाईला त्रास होतोय. त्यांनी रांगेकडे पाहिलं. रांगेत एक बाई पोटुशी होती, एकीच्या कडेवर सलाइनची पट्टी लावलेलं मूल होतं. ताईंनी आवाज खाली केला. रागावून नाही, समजावल्यासारखं म्हणाल्या, "साक्षी, तुमच्यात हे नसतं, तुला नाही कळायचं. या बायका सकाळपासून उपाशी आहेत."

मला काय कळतं आणि काय नाही, याचा हिशेब या शहरात माझ्या वतीने नेहमी दुसरंच कुणीतरी करत आलंय. माझं डोकं फिरलं. मी दावं हाताला गुंडाळलं आणि पवळीला गोठ्याकडे वळवू लागले. रांगेत कुजबुज झाली. समोरच्या बाईचा हात ताटासकट तसाच हवेत राहिला. कुणीतरी म्हणालं, ही कोण. कुणीतरी म्हणालं, पाठ फिरवली गाईने, अपशकुन झाला.

तेवढ्यात मंजुळाबाई आल्या. मला वाटलं, सुटले. गाय त्यांची होती. त्यांनी हात जोडले असते तर रांग निमूट परत गेली असती. जन्म जनावरांत गेलेली बाई, तिला मी काय सांगणार. मी त्यांचा हात धरून पवळीच्या कुशीवर ठेवला. त्यांनी तो तिथे ठेवला, आणि मला दिसलं की त्यांना कळलं. मग त्यांनी मान वर करून रांगेकडे पाहिलं. त्यांच्या दारात एवढ्या बायका कधी आल्या नव्हत्या. पलीकडे सयाजी कुणाच्या तरी मोबाइलवर पूजेचा व्हिडिओ काढून देत होता, हसत होता.

"खाऊ दे गं," त्या मला म्हणाल्या. "बायांचे उपास हायेत."

मी म्हटलं, मावशी, तुम्ही हात लावून बघितलंत ना. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. पवळीच्या ओठांना गूळ चोळला, तिचं तोंड दोन्ही हातांनी उचललं आणि पुढच्या बाईला या म्हणाल्या.

मी दावं सैल सोडलं. त्यांच्या गाईपुढे माझं काय चालणार होतं. सरांना फोन लावत राहिले, पण ते एसटीत होते आणि फोन लागत नव्हता. रांग सरकत राहिली. प्रत्येक बाई आल्यावर मंजुळाबाई पवळीचं तोंड उचलायच्या, गूळ चोळायच्या, तिच्या कानात काहीतरी पुटपुटायच्या. ती त्यांच्यासाठी जबडा उघडायची. त्यांच्यासाठीच उघडत होती, यात मला शंका नाही.

घरधनीण शेवटी. सगळ्या झाल्यावर मंजुळाबाईंनी आपलं ताट आणलं. हाताने थापलेली बाजरीची भाकरी, वर गवारीची भाजी. त्यांनी तुकडा मोडून पवळीसमोर धरला. पवळीने हुंगला आणि मान फिरवली. त्यांनी दुसऱ्या बाजूने धरला. तिने तिकडूनही फिरवली. गूळ चोळला तर तो लाळेबरोबर खाली गळला. कालवड मध्ये येऊन ढुशा देत होती, तिकडेही पवळीचं लक्ष नव्हतं. अंगणातल्या बायका एकमेकींना हळदीकुंकू लावत होत्या, कुणाचं इकडे लक्ष नव्हतं.

मंजुळाबाईंनी तो तुकडा पदरात बांधला. दमली असेल, असं म्हणाल्या. आणि जेवल्या नाहीत.

सकाळी मी रजा टाकून गेले. पवळी उभी होती, पण चार पाय चार दिशांना. दात खात होती. खाली पाण्यासारखं शेण, आणि त्याचा आंबूस वास फाटकापर्यंत येत होता. सर फोनवर मिळाले. पवळीने काय काय आणि किती खाल्लं ते मी सांगितलं. मग त्यांनी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पाजायला सांगितलं, डॉक्टर लगेच बोलवायला सांगितलं. सयाजीने धावपळ करून डॉक्टर आणला. धनत्रयोदशीचा दिवस, तरी तो आला. नळी घातली, सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. सयाजी तिची मान मांडीवर घेऊन बसला होता. लहानपणी याच गोठ्यात झोपायचा म्हणे. मामाकडे पाठवायचं मीच म्हणालो होतो, असं तो पुन्हा पुन्हा बोलत होता, जसं काही त्याच्या बोलण्याने हे झालं.

दिवेलागणीला पवळी गेली. वरच्या बाल्कन्यांतून आकाशकंदील लागत होते. मी रडले. डॉक्टर हात धूत होते आणि मी गोठ्याच्या खांबाला धरून मोठमोठ्याने रडले. मंजुळाबाई रडल्या नाहीत. पदरातल्या गाठीवर हात ठेवून बसून होत्या.

नंतर त्या सयाजीला म्हणाल्या की तिला मळ्यात पुरा. त्यांच्या घरच्या सगळ्या गाई-बैलांना मळ्यात माती दिलेली. मळा म्हणजे आता आमच्या सोसायटीची बाग, जिथे बागकामाच्या वर्गाने वाफे केले आहेत. सयाजीने मला विचारायला लावलं. मी ग्रुपवर लिहिलं. आधी हात जोडलेली चित्रं आली, मग कुणीतरी पाण्याच्या टाकीची काळजी व्यक्त केली, कुणीतरी मुलं तिथे खेळतात म्हणालं. तनुजाताईंनी काहीच लिहिलं नाही. त्यांचा फोनही बंद होता. दुसऱ्या दिवशी महापालिकेची गाडी आली आणि पवळीला साखळीने ओढून वर घेतलं. शिंगांचा गेरू तेवढा ताजा होता.

सरांचा फोन त्यानंतर आला. कालवडीचं विचारत होते. मला त्यांनी जे सांगितलं ते शब्दन् शब्द लक्षात आहे. "वासराला एकाच हाताने पाजा, बाटलीने, मोजून. दहा जणींचे हात लागले की तेही जाईल."

मी बाटली आणली, दूध बेताचं कोमट करून गोठ्यातच पाजलं. कालवड भुकेली होती, अजून मागत होती, बाटली संपल्यावर माझी बोटं चोखत होती. पण सरांनी सांगितलं होतं तेवढंच. मंजुळाबाई भिंतीला टेकून बघत होत्या. दोन दिवस पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. मी जेवा म्हटलं तर म्हणाल्या, "माझा घास ऱ्हायला."

मग मीच त्यांच्या पदराची गाठ सोडली. भाकरीचा तुकडा कडक झाला होता. मी तो मोडून अर्धा त्यांच्या हातात दिला आणि अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला. म्हटलं, घेतला बघा घास, आता तुम्ही खा. त्यांनी तुकडा तोंडाला लावला. मग दातांनी तुटेना म्हणून ओठांतच धरून भिजवत हळूहळू खाऊ लागल्या. मला वाटलं, निदान एवढं तरी झालं.

तेव्हाच फाटक वाजलं.

पुढे तनुजाताई होत्या. डोळे सुजलेले, दोन दिवसांत वाळल्यासारख्या दिसत होत्या. हातात झाकलेली वाटी. त्यांच्या मागे फुलांच्या वर्गातल्या, बागकामाच्या वर्गातल्या, मागच्या बिल्डिंगमधल्या. प्रत्येकीच्या हातात वाटी. कुणाची स्टीलची, कुणाची काचेची, कुणी मुलाचा कप आणला होता. आईविना वासरू आहे, असं तनुजाताई म्हणाल्या, आणि त्यांना पुढे बोलता येईना. कुणी पिशवीचं दूध, कुणी साखर घातलेलं, कुणी बदामाचं, कुणी लहान मुलांची पावडर कालवलेली. मागून कुणीतरी म्हणालं, आम्ही थोडं थोडंच आणलंय.

मी त्यांना सगळं सांगितलं. सर काय म्हणाले ते सांगितलं, हात जोडले. त्या ऐकत होत्या आणि माना डोलवत होत्या, पण एकही मागे वळली नाही. मग सगळ्या माझ्या खांद्यावरून आत बघू लागल्या. मी वळून पाहिलं. मंजुळाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. केसांवरून हात फिरवत होत्या, पदर सारखा करत होत्या. दारात रांग लागलेली बघून त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी ओळखलं, कारण परवा संध्याकाळी तेच पाहिलं होतं. 

"येऊ दे गं त्यांना," त्या म्हणाल्या.

मी पत्र्याचं दार ओढलं आणि आतून कडी घातली. गोठ्यात अंधार झाला. बाहेर कुणी दार ठोठावलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. मी मंजुळाबाईंना म्हटलं, मावशी, ही तरी राहू द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नव्हे, एखाद्या हरवलेल्या माणसासारखं.

"दार लावलंस," त्या म्हणाल्या. "आता माज्याकडं कोन येनार?"

मी येईन, असं म्हणायला तोंड उघडलं. पण मी येत होते ते पवळीसाठी, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी कालवडीचं दावं हाताला गुंडाळून घेतलं.

बाहेर कुणीतरी उंबऱ्याशी वाटी ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरी ठेवली. मग आणखी एक, त्याच्या शेजारी. चपलांचा आवाज दूर जात होता आणि नवा येत होता. दाराच्या फटीतून गोड, उकळलेल्या दुधाचा वास आत आला. कालवडीने कान टवकारले, आणि मंजुळाबाईंनी माझ्या मागून जाऊन कडीवर हात ठेवला.